पेशंटशी बोलायचं कसं: सोलापुरात नव्यानं ओपीडी सुरू करणाऱ्या डॉक्टरांसाठी

दरवर्षी नवीन पोरंपोरी येतात, कुणी लातूरचं, कुणी नाशिकचं, कुणी पुण्याचं. औषधांचे डोस पाठ असतात, ईसीजी वाचता येतो, आणि पहिल्या आठवड्यातच म्हणतात, सर इथले पेशंट ऐकतच नाहीत. ऐकतात की ओ. ऐकून घरी जातात आणि सुनेनं विचारलं "काय म्हणले डॉक्टर?" की सांगतात "काय नाही, गोळ्या दिल्यात". सगळा घोळ इथंच आहे. आपण खोलीत किती छान समजावलं याला फार किंमत नाही, पेशंटला घरी जाऊन त्यातलं काय सांगता आलं याला आहे. मी पूर्व भागात दवाखाना चालवतो, माझ्याकडं यंत्रमागावरचे कामगार, विडी वळणाऱ्या बायका, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडनं एसटीनं येणारे शेतकरी, शिवाय कर्नाटक बॉर्डरवरची मंडळी असं सगळं येतं. त्यांच्याशी बोलताना जे उपयोगी पडतं ते क्रमानं लिहितो, पेशंट दारातनं आत येतो तिथपासून.

हाक मारण्यापासून सुरुवात

केसपेपरवरचं नाव वाचून बोलवा आणि अहोजाहो करा. साठीतल्या माणसाला पंचविशीतला डॉक्टर "काय होतंय रे बाबा तुला" म्हणला की तो माणूस निम्मं पोटातच ठेवतो. मामा, मावशी, अण्णा, अक्का हे सगळं इथं चालतं, पण "आजी" जरा जपून. विडी वळून आणि अॅनिमियानं थकलेली बाई सत्तरीची दिसते, पेपर बघावा तर वय अठ्ठेचाळीस. ताई म्हणा, कुणालाच राग येत नाही.

दुसरं म्हणजे वीस-तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला बऱ्याचदा कमी ऐकू येतं आणि तो ते सांगत नाही, नुसती मान हलवतो. तुम्ही कॉम्प्युटरकडं बघत मास्कमधनं बोललात तर त्याला काही कळत नाही. तोंड त्याच्याकडं करा, जरा हळू आणि खालच्या पट्टीत बोला. ओरडायची गरज नसते, ओरडलं की बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना त्याचा आजार कळतो.

पहिली दीड मिनिटं गप्प बसा

हे सगळ्यात अवघड आहे. अमेरिकेत १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी डॉक्टर-पेशंटचं बोलणं रेकॉर्ड करून बघितलं तर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला तोडत होते. आपल्याकडं ओपीडीची रांग बघता १८ सेकंद म्हणजे चैनच म्हणायची! मग स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली उलट करून बघितलं, डॉक्टरांना सांगितलं की पेशंट थांबेपर्यंत मध्ये बोलू नका, तर पेशंट सरासरी ९२ सेकंदच बोलले. म्हणजे आपण ज्याला घाबरतो तो रामायण सांगणारा पेशंट असतो, पण क्वचित.

तर "बोला" म्हणा आणि पेन खाली ठेवा. थांबला की "अजून काही?" विचारा आणि दोनदा विचारा. कारण इथला पेशंट मुख्य तक्रार शेवटी काढतो, दाराला हात लावून. गुडघा, कंबर, खोकला सगळं झाल्यावर "आणि डॉक्टर, जिना चढताना छातीत भरल्यावानी होतंय ओ". तोवर तुम्ही पुढच्या पेशंटचं नाव पुकारलेलं असतं.

त्याच्या शब्दात खोलवर जा

इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पुस्तकातली हिस्टरी आणि सोलापुरातली हिस्टरी यातलं अंतर सगळं इथं आहे. पेशंट जो शब्द वापरतो तो केसपेपरवर त्याच्याच भाषेत लिहा, लगेच इंग्रजीत करू नका, आधी त्याला नेमकं काय म्हणायचंय ते विचारा.

"पित्त" घ्या. कुणाला पित्त म्हणजे छातीत जळजळ, कुणाचं अर्धं डोकं दुखून उलटी झाली की पित्त पडलं, कुणाच्या अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. पहिल्याला अॅसिडिटीची गोळी, दुसऱ्याचं मायग्रेन, तिसऱ्याची अॅलर्जी. तिघांनी एकच शब्द वापरला आणि आपण तिघांना एकच गोळी लिहिली तर दोघांना काहीच फरक पडत नाही, मग ते डॉक्टर बदलतात.

"झटका आला" हे तर त्याहून डेंजर. आकडी म्हणजे फिट, हार्ट अटॅक, पॅरालिसिस, तिन्हीला झटका म्हणतात. विचारायचं कसं, तर "झटका म्हणजे काय झालं ते मला करून दाखवा, तुम्ही बघत होता ना". नातेवाईक हातपाय कडक करून दाखवतो, किंवा छातीवर मूठ धरतो, किंवा तोंड वाकडं करतो. मिनिटात उलगडतं. "चक्कर" तशीच. डोळ्यासमोर अंधारी येते, का घर गोल फिरतंय असं वाटतं, का चालताना तोल जातो, का नुसतं गळून गेल्यासारखं होतं? हे चार पर्याय त्याच्यासमोर ठेवा, चारींची कारणं वेगळी आहेत.

"दम लागतोय" म्हणजे श्वास कमी पडतोय का काम करून थकवा येतोय हे वेगळं काढा, "बोलता बोलता थांबावं लागतं का, रात्री उशा किती घेता" असं विचारा. आणि "गॅस". पन्नाशीतला, शुगर असलेला माणूस म्हणतो की गॅस छातीत चढलाय, घाम येतोय, तर तो गॅस शब्द बाजूला ठेवा आणि आधी ईसीजी काढा. आजारपणात बोललेला हा एक शब्द माणसाला घरातच ठेवतो, सोडा प्यायला लावतो, आणि नको तेवढा उशीर होतो.

बायकांच्या तक्रारी तर अर्ध्या शब्दातच येतात. "अंगावरून जातंय" म्हणजे पांढरं का लाल ते विचारायला लागतं. "कंबर लय दुखायलीय" एवढंच सांगून गप्प बसलेली बाई बऱ्याचदा पांढऱ्या जाण्याबद्दलच आलेली असते, बरोबर सासू आहे म्हणून बोलत नाही. "तपासायचंय, बाकीचे जरा बाहेर थांबा" हे वाक्य रोज सगळ्यांनाच म्हणायची सवय ठेवा, म्हणजे तिच्या एकटीसाठी वेगळं काही केलं असं होत नाही. "उन्हाळी लागलीय" म्हणजे लघवीला जळजळ, हे बाहेरून आलेल्या पोरांना ठाऊक नसतं, ती ऊन लागलं असं लिहून टाकतात.

तारीख विचारू नका, सण विचारा

"कधीपासून दुखतंय?" याचं उत्तर "लय दिस झालं" हेच येणार. मग विचारा, गड्ड्याच्या आधीपासून का नंतर? गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, ती संक्रांतीला असते, म्हणजे जानेवारी पक्का धरता येतो. आषाढीला पंढरपूरला चालत गेला होता तेव्हा दम लागत होता का? रमजानमध्ये रोजे धरले तेव्हा कसं होतं? पेरणीच्या वेळी होतं का? माणसाला तारीख आठवत नाही पण यात्रेत पाळण्यात बसलो होतो तेव्हा गुडघा चांगला होता हे बरोबर आठवतं.

ज्या प्रश्नाला खोटं उत्तर येतं तो प्रश्नच बदला

खोटं म्हणजे पेशंट लबाड असतो असं नाही, प्रश्न चुकीचा असतो. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई अगदी खरेपणानं "नाही" म्हणते. तिच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू. ती भाजलेली तंबाखूच आहे हे आपल्याला माहीत, म्हणून नाव घेऊन विचारा: मिश्री लावता का, किती वेळा, गुटखा, मावा, विडी, असं एकेक. दारूचंही तसंच, ताडी पिणारा माणूस दारू पीत नाही.

"काही औषध चालू आहे का?" याला "नाही" येतं आणि मग पिशवीतनं बीपीच्या गोळीची पट्टी निघते, कारण ती रोजची झाली, औषध म्हणजे ताप आल्यावर घेतात ते. पिशवीच टेबलावर रिकामी करायला सांगा. त्यात मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळ्या, शेजारणीनं दिलेली गुडघेदुखीची पुडी, सगळं सापडतं, कधी कधी वेगवेगळ्या तीन नावांचं पॅरासिटामॉलच.

"गोळी रोज घेता ना?" हा तर प्रश्नच नाही, धमकी आहे. त्यापेक्षा "गोळी राहून जाते हो सगळ्यांचीच, या आठवड्यात किती वेळा राहिली?" असं विचारा, आकडा मिळतो.

आणि "आधी का नाही आलात?" हे वाक्य डोक्यातनं काढून टाका. विडीचा हिशोब हजारावर होतो, दवाखान्यात दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी गेली. उशिरा आलेल्या बाईला याची जाणीव आपल्यापेक्षा जास्त असते. बोलणी खाल्ली की पुढच्या वेळी ती अजून उशिरा येते.

तेलुगू, कानडी आणि मधला पोरगा

सोलापुरात मराठीवर भागत नाही. पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कानडी, शिवाय दख्खनी उर्दू. आई तेलुगूत बोलते आणि सातवीतला पोरगा मराठीत सांगतो हे दृश्य रोजचं. ताप-खोकल्यापुरतं ठीक आहे. पाळीबद्दल, पोट पाडण्याबद्दल, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल पोराच्या तोंडून विचारायचं नाही, अजिबात नाही. सिस्टर, मावशी, आशाताई, कुणीतरी भाषा येणारं बाईमाणूस मिळतंच. आणि मधला माणूस आखडतं घेतो हे लक्षात ठेवा, पेशंट दोन मिनिटं बोलला आणि दुभाषा म्हणला "पोट दुखतंय म्हणते" तर विचारा, बाकीचं काय म्हणाली? बोलताना तुम्ही बघायचं पेशंटकडं, दुभाष्याकडं नाही.

चार शब्द शिकून ठेवा. तेलुगूत "एक्कड नोप्पी?", कानडीत "एल्ली नोवु?", दोन्हीचा अर्थ कुठं दुखतंय. उच्चार चुकले तर पेशंट हसतो, हसला की बोलायला लागतो. याच शहरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला चीनला गेले आणि तिथं चिनी भाषा शिकून काम केलं, आपल्याला तर पेठ ओलांडण्यापुरतंच शिकायचंय.

सांगायची वेळ

आता आजार कळला, सांगायचाय. एका वेळी तीन गोष्टींच्या वर सांगू नका. काय झालंय, काय करायचं, आणि कधी परत धावत यायचं. बाकीचं पुढच्या भेटीत.

काही शब्द जपून वापरायचे. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे" ऐकून पेशंट खूश झालेला मी बघितलाय, पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच की. त्यापेक्षा "रिपोर्टमध्ये डेंग्यू निघालाय" किंवा "टीबीचे जंतू दिसले नाहीत" असं सरळ सांगा. "काही नाही, टेन्शनमुळं होतंय" हे पण नको. त्याला खरंच दुखतंय, तुम्ही काही नाही म्हणालात की तो मोठ्या दवाखान्यात एमआरआय काढायला जातो. "तपासलं, हृदय चांगलं आहे, दुखणं खरं आहे, ते स्नायूचं आहे" असं म्हणा.

"बीपी आता नॉर्मल आहे" हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. नॉर्मल झालं म्हणजे बरं झालं, बरं झालं म्हणजे गोळी बंद, हा हिशोब पेशंटच्या जागी मी असतो तर मीही केला असता. म्हणून त्याच दमात सांगायचं: "गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आहे. चष्मा लावून नीट दिसतंय म्हणून चष्मा फेकून देता का?"

आकड्यांचाही घोळ होतो. रोजची शुगर १८०, २२० ऐकायची सवय असलेल्या माणसाला तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट ७.८ सांगितला तर त्याला वाटतं उतरली की. हा आकडा वेगळ्या मापाचा आहे आणि यात ६.५ किंवा त्याच्या वर म्हणजे शुगरचा आजार, हे सांगितल्याशिवाय आकडा बोलू नका.

पथ्य सांगताना "गोड बंद, तेलकट बंद" हे फार ढोबळ झालं. गोड बंद म्हणजे साखर बंद आणि गूळ चालू. खाण्याची नावं घ्या. दोन वेळच्या जेवणात किती भाकरी, किती भात, कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी किती, संध्याकाळी भजी का चिवडा. बीपीवाल्याला मिठाबद्दल सांगताना लोणचं-पापड नाव घेऊन सांगा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्याला उपास, रोजे करता का हे आधीच विचारा, कारण काही औषधांवर उपाशी राहिलं की शुगर एकदम खाली जाते, आणि लोक उपास आपल्याला विचारून धरत नाहीत.

उपासावरनं आठवलं. "उद्या उपाशीपोटी या" सांगितलं की काही जण साबुदाण्याची खिचडी खाऊन येतात आणि चहा तर खाण्यात धरतच नाहीत. पूर्ण वाक्य असं: रात्री जेवल्यानंतर काहीच नाही, सकाळी चहा नाही, बिस्किट नाही, उपासाचं पण नाही, साधं पाणी चालेल. ऑपरेशनच्या आधी असेल तर पाणी कधी बंद करायचं ते भूलतज्ज्ञांना विचारून तास सांगा. आणि टीबीसाठी बेडका मागताना "थुंकी आणा" म्हणलं तर थुंकीच येते, लाळ. "खोल श्वास घ्या, छातीतनं खोकून येईल तो बेडका यात टाका" असं सांगा, खोकून दाखवा. लाजू नका.

औषधाची चिठ्ठी

मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्येच सांगितलंय की औषधाचं नाव जेनेरिक, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहा. पण ते मेडिकलवाल्यासाठी झालं, पेशंटसाठी पाकिटावर मराठीत लिहा किंवा खूण करा. एक-शून्य-एक, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे आपलं आपल्याला कळतं. सूर्य आणि चंद्र काढला तरी चालतं. नाइट शिफ्टवाल्याची सकाळ संध्याकाळी होते, तेव्हा "झोपायच्या आधी" का "रात्री" हे त्याची पाळी विचारून ठरवा.

कशी घ्यायची ते तोंडानं सांगा. जिभेखाली ठेवायची गोळी लोक पाण्याबरोबर गिळतात. आतून ठेवायची गोळी तोंडानं घेतलेल्या बायका आहेत, कारण डॉक्टरनं लाजून "ही रात्री घ्या" एवढंच सांगितलं. "ही खायची नाही, पाळीच्या जागेतून आत ठेवायची" असं स्पष्ट म्हणा. ओआरएसचं एक लिटरचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, माप म्हणून बिसलेरीची एक लिटरची बाटली घ्या, थोडी थोडी पावडर ग्लासात टाकायची नाही, आणि केलेलं २४ तासांत संपवा, उरलेलं फेका.

त्याच्याकडनं परत ऐका

"समजलं का?" विचारलं की "हो" येतं. हौदु, अवुनु, हो, सगळ्या भाषांत येतं. तो हो म्हणजे मान देणं असतं. त्याऐवजी असं म्हणा: "मावशी, घरी गेल्यावर मालक विचारतील डॉक्टर काय म्हणले, तर काय सांगाल?" मग ती जे सांगते त्यात चूक असली तर "मी नीट सांगितलं नाही वाटतं" म्हणून परत सांगा, तिला परीक्षेला बसवल्यासारखं करू नका. अर्धं मिनिट लागतं. सगळ्यांना जमत नसेल तर निदान नवीन इन्सुलिन, दम्याचा नवीन पंप, टीबीचं औषध आणि लहान पोराचा डोस, एवढ्यांना तरी कराच.

वाईट बातमी

कॉरिडॉरमध्ये, रांगेसमोर, राउंडला उभ्या उभ्या नाही. खुर्च्या मिळतील अशी जागा शोधा, मोबाईल सायलेंट करा. २००० साली अमेरिका-कॅनडातल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी यासाठी स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली, तिचा गाभा आपल्याकडंही चालतो: आधी त्याला काय माहीत आहे ते विचारा, किती ऐकायचंय ते विचारा, मग सांगा, मग थांबा.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच असते, मुलगा आधीच आत येऊन म्हणतो "बाबांना सांगू नका ओ". त्याच्याशी भांडू नका, पण पेशंटलाच विचारा: "रिपोर्टचं तुम्हाला स्वतःला सांगू, का घरातल्या कुणाला बरोबर बसवून सांगू?" बहुतेक जण म्हणतात सगळ्यांसमोर सांगा, त्यांना अंदाज आलेला असतो. सांगताना "गाठ साधी नाही" इथं थांबू नका, कॅन्सर हा शब्द एकदा तरी उच्चारा, मग गप्प बसा. रडू द्या. स्टेज, केमो, खर्च हे त्या क्षणी कानात जात नाही, दोन दिवसांनी परत बोलवा. पेशंटसमोर आपसात इंग्रजीत चर्चा तर नकोच. बाकी काही कळो ना कळो, "कॅन्सर" आणि "एक्सपायर" हे दोन शब्द सोलापुरात सगळ्यांना कळतात.

मृत्यू सांगताना "सिरीयस आहेत" म्हणत ताटकळत ठेवू नका. "वारले" म्हणा, स्पष्ट.

संमतीच्या फॉर्मवर सही घेतानाही हेच. २००८ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनसाठी चालत नाही. फॉर्म मराठीत असला तरी वाचून दाखवा, तेलुगू घरातल्या बाईला छापील मराठी येतंच असं नाही.

बाहेरचं टेबल

एवढं सगळं करून तुम्ही पेशंटला बाहेर पाठवता आणि तिथं बसलेला कंपाउंडर म्हणतो, "मावशी, ही बीपीची, त्रास झाला तरच घ्या". झालं, पाच मिनिटांची मेहनत पाण्यात. म्हणून आठवड्यातनं एकदा ओपीडी संपल्यावर कंपाउंडर, सिस्टर, नोंदणीवाला सगळ्यांना बसवा आणि ठरवा की कुठल्या गोळीबद्दल कोण काय बोलणार. बीपी, शुगर, थायरॉइड, फिटची गोळी, यांच्याबद्दल बाहेर एकच वाक्य बोलायचं: "डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका". ते वाक्य मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दूत लिहून काउंटरच्या काचेला चिकटवा, अक्षर मोठं ठेवा. लिहून द्यायला पेठेतला कुणीही मास्तर तयार होतो, चहा पाजला की झालं.